मला ताप नाही, मग ऑफिसला कळवायचं कशाला?

घरातलं माणूस आजारी असलं तरी आपण ठणठणीत आहोत, म्हणजे आपल्यापासून कोणाला धोका नाही, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ उठण्याच्या १-२ दिवस आधीच पसरू लागतो, गोवराचा तर ४ दिवस आधी. त्या दिवसांत माणूस कामावर असतो आणि त्याचा त्यालाही पत्ता नसतो. शेजारच्या टेबलावर गरोदर सहकारी असेल किंवा कोणाची केमोथेरपी चालू असेल, तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. म्हणून कळवायचं.

पण म्हणून सरसकट सक्तीची रजा देणंही चूकच. डेंग्यू शेजारी बसून होत नाही, त्याला डास लागतो. कांजिण्या आधी होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा होणं क्वचितच घडतं. तेव्हा आधी आजार कोणता ते विचारा, मग लस घेतली आहे का ते. शंका असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या, आणि जमत असेल तर तेवढे दिवस घरून काम द्या.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते नाव फोडणं. 'अमक्याच्या मुलाला कांजिण्या झाल्यात' असं ऑफिसच्या ग्रुपवर पडलं, की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. त्याऐवजी एवढंच लिहा: "आपल्यापैकी काहींचा कांजिण्यांशी संपर्क आला असू शकतो. गरोदर असाल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर आजच डॉक्टरांशी बोला."