ऑनलाइन शाळा आणि मुक्त विद्यालय: गुणपत्रिकेवर नाव कोणाचं?

“मुलाला शाळेतून काढलंय. आता तो ऑनलाइन शाळेत आहे, एनआयओएसची आहे ती.” नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायट्यांत, सिडकोत क्लासबाहेर दुचाकीवर थांबलेल्या पालकांत हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्याला त्यात काही गडबड वाटत नाही. पण एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ही केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे, आणि ‘ऑनलाइन शाळा’ ही बहुतेक वेळा एक कंपनी असते. पहिली नोंदणी करून घेते, परीक्षा घेते, गुणपत्रिका देते. दुसरी शिकवते आणि पावती देते.

ड्रायव्हिंग स्कूल आणि पेठ रोडवरचं आरटीओ यांत जो फरक, तोच इथे. स्कूलवाल्याने कितीही छान शिकवलं तरी लायसन्स देणारं आरटीओच. गाडीच्या बाबतीत हा घोळ कोणी करत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले लोकही करतात, आणि कंपन्यांची जाहिरात त्यांना तो करू देते.

मुक्त विद्यालयाची कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची. सीबीएसईने १९७९ मध्ये ती प्रकल्प म्हणून सुरू केली, १९८९ मध्ये त्यातून राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. मुख्यालय नोएडात, आपल्यासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात. इथे घंटा नाही, गणवेश नाही, रोजची हजेरी नाही. वयाची १४ वर्षं पूर्ण असली की दहावीसाठी नोंदणी करता येते. आठवी पासचा दाखला नसेल तर ‘मी हा अभ्यास करू शकतो’ असं स्वयंघोषणापत्र चालतं. नोंदणी ५ वर्षं टिकते, त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत पुढे जाता येतं. दहावीच्या माध्यमांत मराठीही आहे. मूल आजोबांकडून शिकतं, क्लास लावतं की मोबाइलवर धडे बघतं, याच्याशी मंडळाला देणंघेणं नाही. गृहपाठ सादर करायचे आणि केंद्रावर बसून पेपर लिहायचा, एवढं त्यांना हवं.

महाराष्ट्रानेही २०१७ मध्ये स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ काढलं. ते पुण्याच्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या छत्राखाली चालतं आणि पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा टप्प्यांच्या परीक्षा घेतं. ‘नववी मुक्तमधून करून घेऊ’ असं म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. नववी आणि अकरावी यात नाहीतच. कोणी नववीची ‘मुक्त’ गुणपत्रिका देऊ करत असेल तर ती कुठे छापली हे विचारा.

ही सोय मुळात कोणासाठी, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतात. बरोबर मुलंही येतात, सहावी-सातवीत वर्गाशी तुटतात आणि दोन-तीन वर्षांनी परतायचं म्हटलं तर वय आणि वर्ग जुळत नाहीत. अशा मुलांना, दिव्यांगांना, कामाला लागलेल्यांना, खेळाडूंना आणि कलाकारांना दहावीपर्यंत परत आणणारी ही वाट. आज तिची चौकशी जास्त करतात ते जेईई-नीटच्या तयारीसाठी शाळेचा वेळ वाचवू पाहणारे. त्यात बेकायदेशीर काही नाही. डमी शाळेत नुसतं नाव घालून खोटी हजेरी लावण्यापेक्षा हा रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो. फक्त विषय जपून निवडावेत. जेईईसाठी एनआयओएसची बारावी किमान ५ विषयांची लागते, आणि नीटचा दरवाजा मुक्त विद्यालयवाल्यांना निर्विवाद उघडा व्हायला २०२४ पर्यंत न्यायालयात भांडावं लागलं.

मधेच तिसरी गोष्ट येते, ती लगेच बाजूला काढू. ‘सतरा नंबर फॉर्म’ म्हणजे मुक्त विद्यालय नव्हे. तो भरून मूल राज्य मंडळाची नेहमीचीच दहावी-बारावी खासगी विद्यार्थी म्हणून देतं. अभ्यासक्रम तोच, पेपर तोच, एक शाळा संपर्क केंद्र म्हणून ठरलेली, आणि आपल्याकडे सगळा कारभार नाशिक विभागीय मंडळाचा. बाहेरून बसणं, इतकंच.

आता ऑनलाइन शाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १८ सांगतं की मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा काढता वा चालवता येत नाही. चालवली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही सुरू ठेवली तर दररोज १० हजार. मान्यता कशावर मिळते, तर त्याच कायद्याच्या परिशिष्टावर: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस काम. महाराष्ट्राचा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२ चा कायदाही जागा आणि इमारत विचारतो. ॲपला कुंपण कुठून आणणार? त्यामुळे निव्वळ पडद्यावर चालणाऱ्या शाळेला आपल्याकडे शाळा म्हणून मान्यता मिळावी असा कप्पाच नाही. कंपनी ‘लर्निंग प्लॅटफॉर्म’ म्हणून नोंदते आणि जाहिरातीत ‘स्कूल’ लिहिते. कलम १८ चा बडगा इमारतीत भरणाऱ्या अनधिकृत शाळांवर पडतो, ॲप त्यातून निसटतं. सरकारने निदान ‘शाळा’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक जाहिरातीवर परीक्षा मंडळाचं नाव सक्तीचं करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

महाविद्यालयीन पातळीवर चित्र वेगळं आहे, आणि नाशिककरांचा गोंधळ बहुधा तिथून सुरू होतो. गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या शेजारी आहे. घरातलं कोणी ना कोणी तिथून पदवीधर झालेलं असतं. पदवीसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे नियम आहेत, ते दूरस्थ आणि ऑनलाइन अशा दोन्ही अभ्यासक्रमांना स्वतंत्र ओळख देतात आणि कोणत्या विद्यापीठाला कशाची परवानगी आहे तेही बघता येतं. मग पालकांना वाटतं, बी.ए. ऑनलाइन चालतं तर सातवी का नाही? कारण सातवीसाठी असा नियमच झालेला नाही.

गोंधळाचं दुसरं मूळ कोविडमधलं. जवळपास दोन वर्षं शाळा मोबाइलवर भरली आणि ती खरीच शाळा होती. त्या वेळी केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचना आल्या, १४ जुलै २०२० ला: पहिली ते आठवी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं, नववी ते बारावी चार, बालवाडीत पालकांशीच अर्धा तास. राज्यानेही स्वतःच्या वेळा ठरवून दिल्या. पण हे नियम मान्यताप्राप्त शाळेने पडदा किती वेळ वापरावा याचे होते. मुलाचं नाव हजेरीपटावर होतं, शाळेला यूडायस हा सरकारी नोंदीचा क्रमांक होता, दाखला मुख्याध्यापकांच्या सहीचा मिळणार होता. कंपन्यांनी नंतर म्हटलं, तेच पुढे चालू ठेवतोय. पडदा तोच होता, हजेरीपट मात्र त्यांच्याकडे नव्हता.

सरकारने स्वतः पडद्यावरची शाळा काढली की काय होतं, याचंही उदाहरण आहे. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘देशातली पहिली व्हर्च्युअल शाळा’ जाहीर केली, तर एनआयओएसने लगेच सांगितलं की आमची ऑगस्ट २०२१ पासून आहे. पहिलेपणाचा वाद राजकारण्यांवर सोडू. दोन्हीकडे शिकवणाऱ्याच्या मागे सरकारी मंडळ होतं, हे आपल्या कामाचं.

वयाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि विक्रेता तो कधी काढत नाही. मूल १४ वर्षांखालचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याने त्याला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलंय, मात्र ते मोडल्यास पालकांना दंड नाही. त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि गरज असेल तर विशेष प्रशिक्षणही. म्हणजे चौथी-पाचवी ॲपवर काढलेल्या मुलाला परतीचा रस्ता आहे. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेने त्याला दारातून परत पाठवायचं कारण नाही. खरी अडचण नववीत येते. तिथे या कायद्याचं छत्र संपतं, शाळा मागच्या वर्गाचा दाखला मागते आणि कंपनीचं रंगीत ‘प्रगतिपत्रक’ कोणी हातात धरत नाही. मग उरतात मुक्त विद्यालय किंवा सतरा नंबर.

पैशाचंही तसंच. मान्यताप्राप्त शाळेच्या फीला राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा लागू आहे, पालक-शिक्षक संघाला त्यात बोलायचा अधिकार आहे. कंपनीच्या पॅकेजला तो लागू नाही. तिथे तुम्ही पालक नसता, ग्राहक असता. गंमत अशी की यात एक फायदाही आहे: शाळा-महाविद्यालयांविरुद्ध ग्राहक तक्रार चालते का यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद आहे, पण क्लास-कोचिंगची सेवा ग्राहक कायद्यात बसते असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलंय. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी तक्रार नाशिकला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं: आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, हप्ता म्हणून पुढे केलेलं कर्ज नीट वाचा. वर्षभराची फी एकदम भरण्याआधी बायजूजची आठवण ठेवावी. ऑनलाइन शिकवणारी एवढी मोठी कंपनी, पण जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. मुलाची माहिती हाही व्यवहाराचाच भाग. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागावी अशी तरतूद आहे. डेमो बघताना ‘मान्य’ बटण घाईघाईत दाबण्याआधी हे लक्षात असू द्या.

परदेशी मंडळाचं नाव सांगणाऱ्या ऑनलाइन शाळा नाशिकमध्येही विद्यार्थी शोधतात. त्यांच्यासाठी प्रश्न दोनच: परीक्षा कोणत्या नोंदणीकृत केंद्रावर होणार, आणि त्या प्रमाणपत्राला भारतात अधिकृत समकक्षता मिळते का. ‘अमेरिकन ॲक्रेडिटेशन’ हे उत्तर दोन्हींपैकी एकाचंही नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र वापरणं मात्र अगदी शक्य आहे, आणि बरेच जण नीट वापरतातही. नोंदणी मुक्त विद्यालयात, शिकवणी ॲपची. अशा वेळी नोंदणीचा अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः भरावा, स्वतःचा मोबाइल आणि ईमेल द्यावा, फी थेट मंडळाला जावी. नोंदणी क्रमांक हातात आल्याशिवाय ‘ॲडमिशन झालं’ समजू नये. मधला माणूस ‘आम्ही बसवून देतो’ म्हणत पॅकेजमध्ये मंडळाची फी मिसळतो, तेव्हा त्यातली मंडळाची किती, हे वेगळं लिहून मागावं. मागितल्यावर रक्कम खाली येते असा बऱ्याच जणांचा अनुभव.

अकरावीच्या प्रवेशात हा सगळा हिशोब उघड्यावर येतो. नाशिक शहरात हे प्रवेश बरीच वर्षं केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, २०२५ पासून सगळ्या राज्यात. अर्जात दहावीचं मंडळ भरावं लागतं. तिथे एनआयओएस चालतं, राज्य मंडळ चालतं, कंपनीचं नाव चालत नाही. एनआयओएसचा एप्रिल-मे परीक्षेचा निकाल बहुधा राज्य मंडळानंतर लागतो आणि पहिली फेरी हुकण्याची भीती असते. म्हणून अर्जाचा पहिला भाग वेळेत भरून ठेवावा. इतर मंडळाच्या मुलांना गुण स्वतः भरून गुणपत्रिका अपलोड करावी लागते, तेव्हा निकालाच्या दिवशीच ती उतरवून घ्यावी.