ग्राइंडर-ब्रेकरमुळे बोटं पांढरी, बधिर? ईएसआयचा अर्ज कुठल्या यादीतून करायचा

गोव्यात डिचोली-सत्तरीतून कुंडई, वेर्णा, मडकईच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या माणसांचे परत आलेले अर्ज बघितले तर त्यांतला एक नमुना सारखा भेटतो. माणसाने दहा-बारा वर्षं ग्राइंडर चालवलेला असतो. पावसात सकाळी दुचाकीवरून जाताना दोन-तीन बोटं पेरापर्यंत खडूसारखी पांढरी होतात, मग निळसर, आणि गरम झाली की लाल होऊन आग-आग. पुढे मुंग्या, मग बधिरपणा. अर्ज लिहून देणारा कोणीतरी हुशारी करून वर ठळक अक्षरात टाकतो : ‘व्यावसायिक आजार – भरपाई मिळावी’. अर्ज नामंजूर होतो. होणारच.

कारण सरळ आहे. कोणते आजार कामामुळे झाले असं कायदा मानतो त्याची एक बंदिस्त यादी आहे, तिसरं परिशिष्ट. त्यात शिसं आहे, पारा आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार) आहे. हत्याराच्या कंपनाने हात जाणं नाही. जुन्या कर्मचारी भरपाई कायद्यात नव्हतं, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात नव्हतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्याला जागा मिळालेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या यादीत हा आजार १९८० सालापासून आहे. ब्रिटनने १९८५ मध्ये तो भरपाईपात्र ठरवला. अमेरिकेत इंडियानाच्या चुनखडी दगड कापणाऱ्यांच्या बोटांचं वर्णन ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच केलं होतं. आपल्याकडे शंभर वर्षांनीही ‘यादीत नाही’ हाच शिक्का. राज्य सरकारला अधिसूचना काढून यादीत भर घालण्याचा अधिकार जुन्या कायद्याने दिला होता, पण तो वापरायला कोणालातरी वेळ हवा.

याच यादीत ‘दाबाखालील हवेत काम केल्याने होणारे आजार’ अशी एक नोंद आहे. ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं हत्यार, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो, म्हणून काही जण याच नोंदीचा आधार घेतात. घेऊ नका. ती नोंद पाणबुडे आणि पाण्याखाली पाया खोदणारे यांच्यासाठी आहे, जिथं माणूस स्वतः दाबाखाली असतो. हा आधार घेतलेला अर्ज सगळ्यात लवकर परत येतो.

मग पैसे मिळतात कुठून? दुसऱ्या यादीतून. ईएसआयमध्ये आजारपणाचा साधा लाभ आहे : सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. तो संपल्यावर दीर्घ आजारांसाठी विस्तारित लाभ आहे : ८० टक्के, आणि डॉक्टरांनी गरज मानली तर दोन वर्षांपर्यंत. विस्तारित लाभाच्या ३४ आजारांच्या यादीत, अगदी शेवटच्या ‘इतर’ या गटात, बर्जरच्या आजाराशेजारी रेनॉडचा आजार आहे. बोटं पांढरी पडण्याला डॉक्टर हेच नाव देतात. इथं आजार कामाने झाला हे सिद्ध करायची गरज नाही, तो आहे एवढंच दाखवायचं. म्हणून अर्ज भरपाईचा नको, आजारपणाच्या लाभाचा करा. कंपनामुळे होतो तो ‘दुय्यम’, म्हणजे दुसऱ्या कारणाने आलेला, रेनॉड; यादीत नुसतं ‘आजार’ लिहिलंय, आणि शेवटचा शब्द ईएसआयच्या डॉक्टरांचा. पण कागदावर निदानच ‘हात दुखणे’ असेल तर हा प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाही.

निदानाचा कागद हा सगळ्यात अवघड भाग आहे. गोव्यात मुळात थंडी नाही. दुपारी बाराला दवाखान्यात गेलात की बोटं चांगली गुलाबी असतात आणि डॉक्टर म्हणतात, काही दिसत नाही. त्यामुळे बोटं पांढरी पडतील तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही हात एका चौकटीत, पांढऱ्याची सीमारेषा दिसेल असे. घरच्यांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुमच्याच बोटांनी फोटो निघत नाही. गरम प्रदेशात पांढरेपणापेक्षा मुंग्या आणि बधिरपणा जास्त असतो, तेव्हा नसांची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, आणि पकडीची ताकद मोजून घ्या. दुसरं म्हणजे शुगर. मधुमेह असलेल्या कामगाराच्या कागदावर बधिरपणाचं कारण डोळे मिटून ‘मधुमेह’ लिहिलं जातं. कंपनाचा त्रास हातातून सुरू होतो, मधुमेहाचा सहसा पायांपासून. पाय ठीक असतील तर डॉक्टरांना तसं सांगा आणि लिहून घ्या. तिसरं, कुठला हात. ग्राइंडरचं बाजूचं हँडल डाव्या हातात असतं, छिन्नी डाव्या हाताने धरली जाते, त्यामुळे उजव्या माणसाचाही डावा हात आधी जातो. घाईत ‘उजवा हात’ लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांकडे गेला की तुम्हीच खोटे ठरता. विडी-सिगारेट ओढत असाल तर खरं सांगा, आणि सोडाही, कारण तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, काही गोळ्यांनीही बोटं गार पडतात.

आता पात्रता. पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आणि तुमची ईएसआयमध्ये नोंद. साध्या लाभाला एका सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. विस्तारित लाभाला दोन वर्षांची विमायोग्य नोकरी आणि मागच्या चार वर्गणी कालावधींत (सहामाहींत) मिळून १५६ दिवस. ही दोन वर्षं एकाच मालकाकडची असायला हवीत असं कुठेही नाही. अडतं इथं : दर नव्या ठेकेदाराने नवा विमा क्रमांक काढून दिलेला असतो. एकाच माणसाची पाच वर्षं तीन क्रमांकांत विखुरतात आणि संगणक म्हणतो, १५६ भरत नाहीत. विमा क्रमांक जन्माचा एकच. नव्या ठिकाणी रुजू होताना जुना क्रमांक सांगा. दोन निघालेच असतील तर ते एकत्र करायचा अर्ज शाखा कार्यालयात आधी द्या, लाभाचा नंतर.

सहामाहीचं गणित जवळजवळ सगळेच चुकीचं वाचतात. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळातल्या वर्गणीवर लाभ मिळतो पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चच्या वर्गणीवर १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. म्हणजे फेब्रुवारीत हात बंद पडला तर कार्यालय जानेवारीतली हजेरी बघत नाही, मागच्या पावसाळ्यातली बघतं. त्या सहामाहीत निम्म्याहून जास्त काळ काम न मिळालेल्यांचे ७८ दिवस तिथंच कमी पडतात. पगारातून ०.७५ टक्का कापला जातोय म्हणून निश्चिंत राहू नका. कापलेले पैसे भरले की नाही हे ईएसआयच्या संकेतस्थळावर आपल्या क्रमांकाने बघता येतं. बघत जा.

रजेचा दाखला ईएसआय दवाखान्याच्या डॉक्टरांचाच लागतो. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून आधी तीन आठवडे घरी बसलेल्या माणसाचे ते तीन आठवडे गेले. पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. दाव्याचा नमुना ९, आधार, बँक पासबुक, विमा क्रमांक, दाखले; एवढंच. एक मात्र : दगड-धुळीत काम केलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्रावर बोट लागत नाही. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असू द्या, म्हणजे ओटीपीने काम होतं. बँकेतली सहीसुद्धा जुळत नाही, कारण पकड गेली की पेन बोटांत फिरतो आणि ‘र’चा ‘स’ होतो. बँकेत नवी सही आधी नोंदवा.

आणि कृपा करून राजीनामा आधी देऊ नका. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने काढू नये, असं संरक्षण ईएसआय कायद्याने दिलं होतं. ‘बरा होऊन ये, मग बघू’ असं म्हणून कोऱ्या कागदावर सही मागतात, त्यावर सही करणारे दरवर्षी भेटतात.

कामाचा इतिहास सांगणारा कागद कोणाकडेच नसतो. हजेरीवर पद ‘हेल्पर’, प्रत्यक्षात दिवसाला सहा तास ग्राइंडर. आजारपणाच्या लाभाला हा कागद लागत नाही, पण डॉक्टरांना निदान ठरवायला आणि पुढे अपंगत्वाच्या तपासणीला लागतो. मालक लिहून देत नसेल तर हत्यारं दिल्या-घेतल्याच्या वहीचा फोटो, गेटपास, सोबत काम करणाऱ्या दोघांचं निवेदन, पगाराच्या नोंदी हे सगळं एकत्र ठेवा. कुठलं हत्यार, किती वर्षं, दिवसाला किती तास, हे एका पानावर स्वतः लिहा. कारखान्यात काम असेल तर आल्तिनोच्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पैसे तिथून मिळत नाहीत, पण तारखेचा शिक्का मिळतो.

बांधकामावर ब्रेकर चालवणाऱ्यांसाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी : वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम. हे ९० दिवस एका ठेकेदाराकडचे असायची गरज नाही, वेगवेगळ्या साइटचे मिळून चालतात. त्यासाठी साइट संपतानाच दाखल्यावर सही घ्या. सहा महिन्यांनी तो ठेकेदार फोन उचलत नाही. वर्गणी वर्षभर थकली तर नोंद जाते, पण योग्य कारण आणि थकबाकी दिली तर सचिव ती परत लावू शकतात. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही.

चिरेखाणीवरची माणसं मात्र ईएसआय आणि कल्याण मंडळ, दोन्हींकडून वाऱ्यावर. तेच चिरे कापायचं मशीन इमारतीच्या साइटवर चालवलं तर तुम्ही बांधकाम कामगार, खाणीत चालवलं तर नाही, कारण खाणीतलं काम त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. ईएसआयमध्ये त्यांतल्या बहुतेकांची नोंदच नसते. बागायतीत ग्रास कटर चालवणाऱ्यांचंही तेच. त्यांच्यासाठी उरतो यूडीआयडी, म्हणजे देशभर चालणारा अपंगत्व दाखला. पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तिथं पांढऱ्या बोटांना टक्के नाहीत. टक्के ठरतात पकड, स्पर्श आणि ताकद यांवर, त्यामुळे फोटोपेक्षा नसांच्या तपासणीचा अहवाल वर ठेवा. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. शर्टाचं बटण लावता येत नाही, नाणं उचलता येत नाही, हे लाज न बाळगता करून दाखवा. तपासणीच्या दिवशी हात झाकून ‘चालतं सगळं’ म्हणणाऱ्यांना कागदावरही तेच मिळतं.

एखाद्या दिवशी मशीनने झटका देऊन मनगट मोडलं, बोट चिरडलं, तर हे सगळं बाजूला ठेवा. तो अपघात आहे, त्याला यादी लागत नाही. मालकाकडून अपघात अहवाल, म्हणजे ईएसआयचा नमुना १२, त्याच दिवशी भरून घ्या. ईएसआय नसेल तर भरपाईचा दावा पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तालयात, दोन वर्षांच्या आत. ईएसआयमध्ये नोंद असलेल्याला हा दुसरा दावा करता येत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवला की एक तरी लागेल, असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.