देवगड ते न्यूअर्क: आंब्याचे दिवस कसे वाचवतात

चौदा आण्यांवर, म्हणजे जवळपास पूर्ण तयार पण अजून न पिकलेला असताना, उतरवलेला हापूस मे महिन्याच्या कोकणी उकाड्यात आठ ते बारा दिवसांत पिकतो आणि त्यानंतर फार टिकत नाही. न्हावाशेव्याहून निघालेलं जहाज दुबईजवळच्या जेबेल अलीला चार-पाच दिवसांत पोचतं, त्यामुळे आखातात समुद्रमार्गे आंबा पाठवणं तुलनेनं सोपं. अमेरिकेचा पूर्व किनारा मात्र सुमारे २५ दिवस दूर आहे. नाशवंत मालाच्या व्यापारात अंतर असंच मोजावं लागतं: फळाचे दिवस किती उरले आणि वाट किती दिवसांची.

झाडावरून उतरवला तरी आंबा श्वास घेतच असतो. आतल्या पिठाची साखर होते, काही साखर जळते. उष्णता, कार्बन डायऑक्साइड आणि पिकवणारा इथिलीन वायू बाहेर पडतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. आता हिशेब करा. बागेत ३३ अंश आणि रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये १३ अंश, म्हणजे वीस अंशांचा फरक. वेगातला फरक चार ते नऊ पट. काढलेला आंबा बारा तास कलमाखाली पडून राहिला, तर समुद्रावरचे दोन ते साडेचार दिवस तिथेच संपले. निर्यातीच्या चर्चेत जहाजभाडं आणि विमानभाडं यांवरच बोललं जातं. या बारा तासांकडे त्याहून जास्त लक्ष द्यायला हवं.

कंटेनरची गोष्ट सुरू झाली २६ एप्रिल १९५६ रोजी. माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतल्याच न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं. त्याआधी पोतं, पिंप, खोकं असा एकेक नग हमालांच्या पाठीवरून चढायचा आणि जहाज बंदरातच कित्येक दिवस अडकायचं. पुढे पेट्यांची मापं जगभर ठरली: ८ फूट रुंद, २० किंवा ४० फूट लांब, आठही कोपऱ्यांना ठरावीक मापाचे पोलादी ठोकळे. क्रेनची पकड याच ठोकळ्यांत अडकते. त्यामुळे १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेव्याच्या बंदरात उचललेला डबा रॉटरडॅमची क्रेनही तसाच उचलते. मधे कुणालाच तो उघडावा लागत नाही.

रीफर म्हणजे याच डब्याला एका टोकाला बसवलेलं शीतयंत्र. थंड हवा जमिनीवरच्या इंग्रजी ‘टी’ आकाराच्या पट्ट्यांमधून पुढे सरकते, खोक्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. म्हणून खोक्याला तळाशी आणि वरच्या बाजूला भोकं हवीत, थर रचताना ती एकावर एक यायला हवीत आणि भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर माल जाता कामा नये. जमिनीचा काही भाग उघडा राहिला, तर हवा सोप्या वाटेनं तिथूनच वर निसटते आणि मधली खोकी तापतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गरम माल भरणं. रीफर थंडावा टिकवण्यासाठी बनवलेला आहे. १६ टन तापलेला आंबा थंड करणं त्याच्या आवाक्यातलं काम नाही. गराचं तापमान आधी प्री-कूलिंगच्या खोलीत १३ अंशांजवळ आणायचं, तापमापकाचा काटा फळात खुपसून तपासायचं आणि मगच लोडिंग करायचं. आणखी थंड केलं तर जास्त टिकेल, हा समजही घातक. साधारण दहा-बारा अंशांखाली हापूसची साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही, वास जातो. लांबच्या प्रवासात ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या आसपास उतरवून आणि कार्बन डायऑक्साइड वाढवून श्वास आणखी मंदावता येतो, पण प्रमाण चुकलं की फळ आतून आंबतं.

परदेशाची दुसरी अट किडीची. फळमाशीची अंडी आणि अळ्या उष्णतेनं मरतात, म्हणून युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं आणि जपानसाठी उष्ण बाष्पाची प्रक्रिया. कोयीतला भुंगा मात्र इतका खोल बसतो की तिथे गॅमा किरणच पोचतात. किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रेनं कीड प्रजननक्षम राहत नाही. ही सोय लासलगावला झाली म्हणून २००७ मध्ये अमेरिकेचं दार उघडलं. पुढे वाशीतही केंद्र उभं राहिलं आणि २०२२ मध्ये तिथे प्रक्रिया केलेला सुमारे १६ टन आंबा न्हावाशेव्याहून समुद्रमार्गे न्यूअर्कला पोचला.

या साखळीला धक्का कुठूनही बसतो. २०२० मध्ये प्रवासी विमानं थांबली आणि त्यांच्या पोटातून जाणाऱ्या मालाची जागाच गेली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. वाट दहा-चौदा दिवसांनी लांबली. कापडाच्या गाठींना तेवढा उशीर सोसतो. हापूसचं सगळं आयुष्यच तेवढं असतं.

आता बागेकडे. काढणी सकाळी लवकर करावी. झेल्यानं (आंबे झेलणाऱ्या जाळीच्या काठीनं), देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. आंबा जमिनीला टेकू देऊ नये. तापलेल्या कातळाची धग लागली की साका वाढतो, आणि साका बाहेरून दिसत नाही. ग्राहक फळ कापतो तेव्हाच पांढरट, फुसका गर समोर येतो. भरलेले क्रेट लगेच सावलीत घ्यावेत आणि गाडी रात्रीची काढावी.

खरी अडचण लहान बागायतदाराची आहे. एका ४० फुटी डब्याला १६ टन एकाच वयाचं फळ लागतं, आणि कोकणात मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो. त्यात एखादं खोकं आधी पिकलं, तर त्याचं इथिलीन शेजारच्या खोक्यांनाही पिकवत सुटतं. म्हणून चार-पाच वाड्यांनी मिळून एक पॅकहाऊस आणि एक प्री-कूलिंग खोली चालवणं हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. तिथे मोहोराच्या टप्प्यानुसार माल वेगळा ठेवावा आणि शंका असलेलं फळ साध्या पाण्यात सोडून पाहावं. तरंगला तो कोवळा, तो बाजूला काढावा. बुडाला तो तयार. तयार फळातलंही जे पुढे गेलेलं, देठाजवळ पिवळसर झालेलं असेल, ते वाशीला किंवा आखातात पाठवावं. लांबच्या डब्यात भरू नये.