प्रोस्टेटचं दुर्बिणीतलं ऑपरेशन : खरवडण्यापासून सोलण्यापर्यंत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत प्रोस्टेटच्या तपासणीला वडिलांना घेऊन आलेली राधानगरी-भुदरगडची पोरं हल्ली आधी एकच विचारतात, “लेसरनं हुईल न्हवं?” या प्रश्नामागं बराच इतिहास आहे.

मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची वाढलेली गाठ पोट उघडून बोटानं सोलून काढणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलं. १९३० च्या दशकापासून लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून, वीज खेळवलेल्या तारेच्या कडीनं गाठीचे काप काढले जाऊ लागले. हीच टीयूआरपी. तिची अडचण होती धुवायच्या पाण्याची. सलाईनमधून वीज पसरते, म्हणून वीज न वाहणारं ग्लायसिनचं पाणी वापरावं लागे. ते रक्तात जास्त शिरलं की सोडियम घसरायचं, पेशंट बरळायला लागायचा, कधी जिवावर बेतायचं. त्यामुळं तासाभरात आवरतं घ्यावं लागे आणि फार मोठ्या गाठीला पोट उघडणंच भाग पडे. २००० नंतर वीज कडीपाशीच फिरवणारी बायपोलर यंत्रं आली, सलाईन चालू लागलं आणि ही भीती जवळपास संपली.

खरा वाद लेसरचा. ग्रीनलाइट या लेसरनं गाठीची वाफ होते. रक्त कमी जातं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना ते सोयीचं पडतं. पण तपासणीला तुकडा उरत नाही, आणि लपलेला कॅन्सर कधीकधी त्या तुकड्यातच सापडतो. होल्मियम लेसरचं काम वेगळं. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये घडलेल्या होलेप या होल्मियमच्या ऑपरेशनमध्ये गाठ कवचापासून सोलून मूत्राशयात ढकलतात, तिथं मॉर्सेलेटर या यंत्रानं बारीक करून ओढून घेतात. म्हणजे जुन्या बोटाचंच काम, फक्त टाका न घालता. शंभर ग्रॅमच्या वरची गाठही निघते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ क्वचितच येते. माझ्या मते मोठ्या गाठीला हेच पहिलं असायला हवं होतं. मागं पडलं ते शिकायला वेळ लागतो म्हणून. सुरुवातीच्या कित्येक केसेस अनुभवी हाताच्या देखरेखीखाली कराव्या लागतात. ग्रीनलाइट आणि होलेप, दोन्हींना ‘लेसर’च म्हणतात, म्हणून घरच्यांनी गाठ जाळणार की सोलणार, हे विचारून घ्यावं.

२०१३ पासून अमेरिकेत गाठ बाजूला ओढून धरणारं युरोलिफ्ट, पाण्याच्या वाफेचं रेझूम आणि पाण्याच्या झोतानं गाठ कापणारं ॲक्वाब्लेशन यांना मान्यता मिळाली. टीयूआरपी आणि होलेपनंतर बहुतेकांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं. युरोलिफ्ट आणि रेझूममध्ये ते सहसा टळतं. हे आधी सांगायला डॉक्टरही संकोचतात, पेशंटही. मात्र या दोन्हींत गाठ कापून बाहेर काढली जात नाही, म्हणून काही वर्षांनी पुन्हा उपचार लागण्याची शक्यता होलेपपेक्षा जास्त.