सशाचं पिल्लू नर की मादी? घेण्याआधी आणि घरी नेल्यावर हे नक्की वाचा

आमच्याकडे ससा घ्यायला येणारे बरेच जण आल्या आल्या हेच म्हणतात की जोडी द्या, एक नर एक मादी. आम्ही अशी जोडी देत नाही आणि का देत नाही ते आधी सांगतो. छोट्या जातीचे ससे साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात, मोठ्या जातीचे थोडे उशिरा, आणि मादी गाभण राहिली की साधारण ३१ दिवसांत व्याते, चार-सहा पिल्लं तर सहज, कधी दहासुद्धा. त्यात सशाच्या मादीला ठराविक काळाने माज येतो असं नसतं, नराचा संग झाला की त्यानंतर बीज सुटतं, त्यामुळे नर शेजारी असेल तर व्याल्याच्या दिवशीच ती परत गाभण राहू शकते. मग एवढी पिल्लं कुणाला द्यायची हा प्रश्न येतो आणि त्या मादीचे हाल होतात ते वेगळेच. म्हणून तुम्ही नेलेलं पिल्लू नक्की काय आहे हे तुम्हाला स्वतःला बघता आलं पाहिजे.

पहिली गोष्ट, आठ आठवड्यांच्या आत कुणीही छातीठोकपणे नर किंवा मादी सांगत असेल तर तो अंदाज समजा. सरावलेला हात लहानपणीही बऱ्यापैकी ओळखतो, पण या वयात नराचं इंद्रिय अगदी बारीक असतं आणि मादीचाही भाग दाबल्यावर वर उचलून येतो, त्यामुळे दोन्ही सारखंच दिसतं. आम्ही म्हणूनच पावतीवर 'अंदाजे नर' किंवा 'अंदाजे मादी' लिहितो आणि दहा-बारा आठवड्यांचं झालं की परत तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

घरी बघायचं असेल तर दोघं लागतात. जमिनीवर बसा, मांडीवर टॉवेल घ्या, उंचावर उभं राहून अजिबात करू नका कारण ससा मागच्या पायांनी जोरात लाथ झाडतो आणि पाठीला आधार नसेल तर त्याचा मणका मोडू शकतो, हे खरंच होतं. कान धरून तर कधीच उचलायचं नाही. एकाने पिल्लाची पाठ आपल्या पोटाला टेकवून एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली असं बसतं धरायचं. काहीजण पूर्ण उताणा झोपवतात, तो गप्प पडतो म्हणून वाटतं त्याला आवडतंय, पण तो घाबरून थिजलेला असतो, त्यामुळे जे बघायचं ते पटकन बघून सोडून द्या.

दुसऱ्याने शेपूट पहिल्या दोन बोटांत धरून हलकेच मागे न्यायची. दोन जागा दिसतील, शेपटीजवळची शीची, तिच्या पुढची शूची. शूच्या जागेच्या जरा पुढे, पोटाच्या बाजूला अंगठा ठेवून हळूच दाबलं की आतला गुलाबी भाग बाहेर येतो. नर असेल तर छोटी गोल नळी वर येते आणि टोकाला बारीक टिंबासारखं भोक असतं, शिवाय शीच्या जागेपासून अंतर थोडं जास्त असतं. मादी असेल तर गव्हाच्या दाण्याला मधे असते तशी उभी चीर दिसते, आणि ती शीच्या जागेकडे उतरत जाते. नीट दिसलं नाही तर जोर लावू नका, दोन आठवड्यांनी परत बघा. दोन्ही बाजूंना खोबणीत पिवळट तपकिरी, उग्र वासाचा मळ दिसेल, त्या वासाच्या ग्रंथी आहेत, नर-मादी दोघांनाही असतात, घाबरायचं काही नाही.

नराच्या गोळ्या, म्हणजे वृषण, साधारण दहा ते चौदा आठवड्यांत खाली उतरतात, बिनकेसाच्या दोन लांबट पिशव्या दिसतात, मग शंका राहत नाही. पण ससा घाबरला की त्या पोटात ओढून घेऊ शकतो, त्यामुळे एकदा दिसल्या नाहीत म्हणजे मादीच असं धरून चालू नका.

व्हॉट्सॲपवर पिल्लाच्या तोंडाचा फोटो पाठवून नर की मादी विचारतात, त्यावरून काहीच कळत नाही, रंग, कान, स्वभाव यावरूनही नाही. एक पिल्लू दुसऱ्यावर चढतं म्हणून तो नर, हेही चूक, मादीसुद्धा वर्चस्व दाखवायला चढते. मादी पोटाचे केस उपटून गवताचं घरटं करायला लागली तर गाभण असेलच असंही नाही, खोटं गाभणपण सशांमधे होतं.

तीन महिने झाले आणि अजून खात्री नसेल तर वेगळे पिंजरे करा, जाळीतून एकमेकांना दिसतील असे, म्हणजे एकटे पडत नाहीत. बहीण-भाऊ आहेत म्हणून काही होणार नाही असं बरेच जण समजतात, सशांना नातं कळत नाही. कायम एकत्र ठेवायचे असतील तर नसबंदी हाच खरा उपाय, नराची गोळ्या उतरल्यावर, मादीची साधारण पाच-सहा महिन्यांनंतर. नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर खूप जास्त प्रमाणात होतो, म्हणून आम्ही माद्यांसाठी जरा जास्तच आग्रह धरतो. नराला ऑपरेशननंतरही चार ते सहा आठवडे मादीपासून लांब ठेवा, तेवढ्या काळात पिल्लं होऊ शकतात. आणि डॉक्टर सशांची ऑपरेशनं करणारेच बघा. सशाला उलटी होत नाही त्यामुळे ऑपरेशनआधी कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवायचं नसतं, हे त्यांना माहीत आहे ना ते आधीच विचारून घ्या.

तपासायला आणताना एकाच वेळची सगळी पिल्लं एकत्र आणा, शेजारी शेजारी धरली की फरक लगेच कळतो. सगळी पांढरी असतील तर नंतर कुठलं कुठलं ते समजत नाही, म्हणून कानाच्या आत स्केचपेनने खूण करा, दर तीन-चार दिवसांनी परत गडद करा. आणि उन्हाळ्यात दुपारी आणू नका, सशाला उष्णता सोसत नाही, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी या, खोक्याला भोकं पाडून, आत थोडं गवत टाकून.