‘कार्नेट’ नावाचा गुंता

धुळे-जळगावकडची रायडर मंडळी हल्ली थेट लंडनपर्यंतचे बेत आखतात. पासपोर्ट, व्हिसा, आंतरराष्ट्रीय लायसन्स यांची माहिती सगळ्यांकडे असते. गाडं अडतं ते कार्नेटपाशी, म्हणजे ड्युटी न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कागदापाशी, आणि बहुतेक वेळा त्या शब्दापाशीच.

‘कार्ने’ म्हणजे फ्रेंचमध्ये छोटी वही. स्पेलिंगप्रमाणे वाचून आपण तिचं कार्नेट केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात मोटारी सीमा ओलांडू लागल्या, तेव्हा पाहुण्याने गाडी इथेच विकली तर कस्टम ड्युटी बुडेल, ही प्रत्येक देशाला धास्ती होती. म्हणून सीमेवर पैसे ठेवून घ्यायचे आणि गाडी बाहेर पडली की परत द्यायचे. आपल्या जुन्या जकात नाक्यांवर शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाचं जे व्हायचं, तेच. मोटार क्लबांनी या पैशांची हमी स्वतःकडे घेतली. आधी एका देशापुरता तीन भागांचा कागद निघाला, त्याला ‘ट्रिप्टिक’ म्हणत. मग अनेक देशांना चालणारी वही आली. 1954 च्या न्यूयॉर्क कराराने खासगी वाहनांसाठी तिला आंतरराष्ट्रीय चौकट दिली. भारत त्या करारात आहे.

खरा घोळ पुढे झाला, कारण कार्नेट नावाच्या तीन वेगवेगळ्या वह्या तयार झाल्या. 1961 च्या करारातून ‘एटीए’ कार्नेट आलं. ते प्रदर्शनातला माल, नमुने, कॅमेऱ्यासारखी कामाची उपकरणं यांच्यासाठी असतं आणि व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून मिळतं. ‘टीआयआर’ कार्नेट मालवाहू ट्रकांचं. भारत त्या व्यवस्थेत 2017 साली आला. आपल्या मोटारसायकलला लागतं ते ‘कार्ने द पासाज आं दुआन’, म्हणजे कस्टममधून ये-जा करण्याची वही. ती देण्याचं काम वाहनधारकांच्या जुन्या संघटनांचं. खान्देशातल्या माणसाला त्यासाठी मुंबईच गाठावी लागते. चुकीच्या दारात जाऊन, चुकीचा फॉर्म भरून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. जळगाव ते मुंबई एक रात्र, परत यायला दुसरी, आणि हातात काही नाही. अशा वेळी फार वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नसते.

दुसरा गैरसमज त्याहून महागात पडतो. कार्नेटला लोक ‘गाडीचा व्हिसा’ म्हणतात. व्हिसा प्रवेशासाठी असतो; कार्नेटचा सगळा जीव बाहेर पडण्यात आहे. वहीचं एक पान उघडून बघा. त्याचे आडवे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टमवाला खालचा भाग फाडून ठेवतो, बाहेर पडताना मधला. वरचा भाग वहीतच राहतो आणि त्यावर दोन शिक्के लागतात, आल्याचा आणि गेल्याचा. दुसरा शिक्का नसेल तर त्या देशाच्या लेखी गाडी अजून तिथेच आहे आणि ड्युटीची मागणी हमी देणाऱ्या संघटनेकडे येऊ शकते. वहीची मुदत एक वर्ष. वेळेत शिक्का मारून घ्यायचा राहिला तर गाडी प्रत्यक्ष कुठे आहे याचा अधिकृत दाखला मिळवून द्यावा लागतो.

ही हमी फुकट मिळत नाही. संघटना अनामत किंवा बँक गॅरंटी मागते, आणि ड्युटी चढी असलेल्या देशांसाठी ती गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त असू शकते. रावेर-यावलकडच्या पोराला म्हणजे घरच्या केळीच्या पैशांची एफडी वर्षभर बांधून ठेवणं आलं. वर्षानुवर्षं नियमाने गाडी परत आणणाऱ्यांनाही त्यात सवलत मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्यात आमच्याकडे गाडी बऱ्याचदा वडिलांच्या नावावर. ‘गाडी कोनी शे?’ या गावाकडच्या प्रश्नाला कार्नेटवर एकच उत्तर चालतं, ते आरसीवरचं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अधिकारपत्र, कर्जाची असेल तर फायनान्सवाल्यांचं ना हरकत पत्र. चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी आकडा न आकडा जुळला पाहिजे.

रस्त्यांचा इतिहासही याच वहीला चिकटलेला आहे. 1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. युरोपातून जमिनीवरून भारतात येणारा जुना मार्ग तिथे तुटला. आपल्याकडून जाणाऱ्यांना 1991 पर्यंत परकीय चलनाची टंचाई आडवी येई. नेपाळला कार्नेट लागत नाही, सोनौली किंवा रक्सौलच्या सीमेवर ‘भन्सार’, म्हणजे तिथलं कस्टम शुल्क, भरलं की झालं. त्यामुळे अनेकांचा समज झाला की पुढेही असंच असतं. 2018 साली म्यानमारच्या सीमेवरचा मोरे-तामू नाका प्रवाशांना खुला झाला आणि पूर्वेकडची आशा वाढली; 2020 ची महामारी आणि 2021 चा म्यानमारमधला लष्करी उठाव यांनी ती मोडली. पाकिस्तानकडे जाणारा अटारीचा नाका एप्रिल 2025 पासून बंद आहे.

बहुतेकांना मग उरतो तो समुद्र. टाकी रिकामी, बॅटरीची वायर काढलेली, गाडी लाकडी खोक्यात, आणि खोकं न्हावा शेव्याहून आखाताकडे. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात: कार्नेटवरची नोंद खोक्याला खिळे ठोकण्याआधी करून घ्यायची असते. चॅसी नंबर प्रत्यक्ष पाहायचा म्हणून कस्टमवाल्याने बंद खोकं उघडायला लावलं की एजंटचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.