लिंककलर की लिंकबॉर्डरकलर?

प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री मैत्रिणीचा फोन आला. अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक ओळीभोवती लाल चौकट, संदर्भांच्या आकड्यांभोवती हिरवी. प्रबंध तिने लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून मजकुराची पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीत केला होता. त्या फाइलमध्ये तिने 'लिंककलर = ब्लॅक' लिहिलं होतं, तरी चौकटी लालच्या लालच. एरर नाही की वॉर्निंग नाही.

तिने पर्याय बरोबर लिहिला होता, पण तो चौकटीचा नव्हताच.

लाटेकच्या पीडीएफमध्ये क्लिक करता येणाऱ्या लिंक टाकणारं हायपररेफ पॅकेज (जोड-संच) त्या दोन निरनिराळ्या तऱ्हांनी दाखवतं. काही सांगितलं नाही तर अक्षरांचा रंग तसाच ठेवून भोवती चौकट येते. तिचा रंग ठरवतो लिंकबॉर्डरकलर. कलरलिंक्स हा पर्याय ट्रू, म्हणजे चालू केला की चौकट जाते आणि अक्षरंच रंगतात. तो रंग ठरवतो लिंककलर. म्हणजे कलरलिंक्स चालू नसेल तर लिंककलरला काही लिहा, त्याला विचारतं कोण! आणि ते चालू असताना लिंकबॉर्डरकलर बदलत बसलात, तर चौकटच नाही, रंग लागणार कशाला?

खरा फरक कळतो तो झेरॉक्सच्या दुकानात. चौकट पानावर छापलेली नसते. पीडीएफमध्ये लिंकची जागा दाखवणारी जी खूण असते, तिची ती कड. स्क्रीनवर भडक दिसली तरी कागदावर सहसा उतरत नाही. लिंककलर मात्र मजकुराची शाईच बदलतो. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर लाल अक्षरं करडी होतात, आणि संदर्भांची मुळातच ठरलेली (डिफॉल्ट) हिरवी तर इतकी फिकी की आकडा वाचायला पान उजेडात धरावं लागतं. लोक घाबरतात चौकटींना आणि 'सुबक दिसतं' म्हणून कलरलिंक्स लावून छापायला देतात. मला हे उलटंच वाटतं.

ठरलेले रंगही दोन्हीकडे जुळत नाहीत. आतल्या लिंकसाठी शाई लाल, चौकटही लाल. पण वेबपत्त्याची शाई किरमिजी आणि चौकट आकाशी! शिवाय लिंककलर फक्त आतल्या लिंकपुरता: प्रकरण, आकृती, समीकरण. संदर्भांना साइटकलर, वेबपत्त्यांना यूआरएलकलर. सगळ्यांना एकच रंग हवा तर ऑलकलर्स.

रंग लिहायची पद्धतही वेगळी. लिंककलरला रंगाचं नाव चालतं. लिंकबॉर्डरकलरला मुळात लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे, ० ते १ मधले, मध्ये स्वल्पविराम न देता नुसती जागा सोडून: लालसाठी १ ० ०.

मैत्रिणीला छापील प्रतीसाठी हाइडलिंक्स टाकायला सांगितलं. त्याने चौकट आणि रंग दोन्ही जातात, लिंक मात्र चालतात. विद्यापीठाला द्यायच्या पीडीएफमध्ये ते काढून कलरलिंक्स ट्रू, आणि ऑलकलर्सला निळ्यात निम्मा काळा मिसळलेला रंग. असं मिश्रण करायला एक्सकलर पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. ते तिने घेतलं नव्हतं, त्यामुळे साडेअकराला परत फोन. या वेळी निदान एरर तरी आली होती.